लांब लेन्सचा रविवार वेगळा, कुत्र्याचा वेगळा

मानपाड्याहून एकाने विचारलंय: घरी दोन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, ब्रुनो. नुकतीच लांबचं टिपणारी सेकंडहँड १५०-६०० एमएमची लेन्स घेतली आहे. रविवारी पहाटे ब्रुनोला घेऊन येऊरला जायचा विचार आहे. त्याचे पाय मोकळे होतील आणि मला पक्षी, नशिबात असेल तर बिबट्या टिपता येईल. तयारी काय करू, लेन्स हातात असताना लीश कशी सांभाळू, आणि रानात त्याला मोकळं सोडलं तर चालेल का?

मोकळं सोडण्याचं शेवटी सांगतो. आधी येऊर.

उपवनवरून चढ चढून गेलं की चहाच्या टपऱ्या, बंगले, हॉटेलं लागतात, म्हणून ठाण्यातल्या निम्म्या लोकांना येऊर म्हणजे आपली मोठी बाग वाटते. पण गाव ओलांडून पायवाट झाडीत शिरली की तुम्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असता. तिथे पाळीव कुत्रा चालत नाही, लीशला बांधलेला असला तरी नाही. कर्नाळा, तुंगारेश्वर, तानसा ही अभयारण्यं, तिथेही कुत्रा घेऊन जायचं नाही. 'कोपऱ्यातल्या वाटेने गेलं तर कोणी बघत नाही' हे मला अनेकांनी ऐकवलंय. वनरक्षक बघत नसेल, बिबट्या बघत असतो. या उद्यानातल्या बिबट्यांच्या पोटात जाणाऱ्या शिकारीत कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांतून पुढे आलंय. वस्तीच्या कडेला कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, असं ते साधं गणित. पहाटे सहाच्या अंधारात वळणापुढे गेलेला तुमचा तीस किलोचा गुबगुबीत ब्रुनो आणि उकिरड्यावरचं कुत्रं यांत बिबट्या फरक करत नाही.

दुसरी बाजू लोक विसरतात. आपला कुत्रा रानाला काय देऊन येतो? २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास फिरतो. ब्रुनोचं लसीकरण झालं असेल, चांगलंच आहे. पण जंतांची अंडी आणि गोचीड लसीने थांबत नाहीत. म्हणून कुठल्याही टेकडीवर गेलात तरी त्याची शी पिशवीत भरून परत आणायची. रान आहे, कुजून जाईल, असं म्हणून सोडायची नाही.

आता तुमच्या मूळ बेताबद्दल. मी वीसेक वर्षं या डोंगरांत फिरतोय, त्यांतली अकरा भुरीबरोबर. भुरी म्हणजे कळव्याच्या गल्लीतून उचललेली गावठी कुत्री. सुरुवातीची तीन वर्षं मीही हेच करत होतो, एका हातात लीश, दुसऱ्या हातात ३०० एमएमची लेन्स लावलेला कॅमेरा. त्या तीन वर्षांत पक्ष्यांचे धड म्हणावेत असे फोटो मोजून आठ-दहा. बाकी सगळे हललेले, किंवा रिकाम्या फांदीचे, किंवा पाठमोरी उडालेली शेपटी. मला वाटायचं माझं तंत्र कच्चं आहे. तंत्र कच्चं होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. कुत्रा हा पक्ष्याच्या लेखी शिकारी प्राणी. तो भुंकला नाही, ओढला नाही, अगदी शहाण्यासारखा चालला तरी त्याच्या नुसत्या असण्याने जमिनीलगतचे पक्षी आधीच सटकतात. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या झाडीत हे मोजून पाहिलंय, २००७ चा अभ्यास आहे. लीशला बांधलेला कुत्रा घेऊन माणूस चालत गेला की त्या पट्ट्यात दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी झाले. माणूस एकटा चालला तेव्हा एवढा फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी ती तीन वर्षं आठवली आणि जरा हसूही आलं.

पण भुरीसोबत लांब लेन्स नेणं मी सोडलं ते हा अभ्यास वाचून नाही. मुरबाडकडच्या एका माळावर एप्रिलमध्ये गेलो होतो. लीश लांब दिली होती, मी एका चंडोलावर फोकस लावून बसलेलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, टिटिवटिव, टिटिवटिव, आणि मी मनात म्हणतोय, जा ना बाई, तुझ्या ओरडण्याने चंडोल उडेल. मग ती खाली उतरून एक पंख जमिनीवर घासत लंगडायला लागली. हा तिचा शिकाऱ्याला घरट्यापासून दूर न्यायचा बनाव, मला माहीत होता, पुस्तकात वाचलेला. तरी माझा डोळा व्ह्यूफाइंडरमध्येच. लीशला हिसका बसला म्हणून वळलो तर भुरीचं नाक खाली आणि तोंडाला पिवळं. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावर खडे सरकवून केलेल्या खळग्यात चार अंडी घालते, टोकं आत वळवून, रंग असा की हातभर अंतरावरून दगडच वाटावेत. तीन फुटली होती. चौथं मी तिथेच सोडून निघालो. टिटवी आम्हाला पार रस्त्यापर्यंत सोडायला आली. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणंही येतं. त्या हिशेबाने त्या दिवशी मी शिकारी होतो. मार्च ते ऑगस्ट मी आता कुत्रा घेऊन माळावर जातच नाही.

तर माझा सल्ला असा: दोन रविवार वेगळे करा. लांब लेन्सचा रविवार ब्रुनोशिवाय. ब्रुनोच्या रविवारी लांब लेन्स घरी, आणि बॅगेत मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी लेन्स. ९० किंवा १०५ एमएमची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर लेन्सपुढे लावायचं क्लोजअप फिल्टर, तेही नसेल तर मोबाइल. कारण कुत्र्याला घाबरून पळत नाहीत अशा जिवांचीच ही दुनिया. कोळी, मुंगळे, नाकतोडे, सकाळच्या दवात गारठून बसलेले चतुर, कुजक्या ओंडक्यावरच्या बुरशा. पाऊस सरल्यावर ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला घोळक्याने बसतात, त्यांत नशिबाने ब्लू मॉरमॉन मिळतं, महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं. ब्रुनोला दोन मीटर मागे बसवायचं, लीश झाडाला किंवा जोडीदाराच्या हातात, आणि आपण पोटावर आडवं व्हायचं. लेन्सचं छिद्र एफ ८ ते ११, शटर २०० च्या (म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या) आसपास, छोट्या फ्लॅशचा उजेड मऊ करायला पांढऱ्या कागदाचं डिफ्यूझर. लॅब्रेडॉरला 'बस' आणि 'थांब' हे दोन शब्द पक्के येत नसतील तर आधी ते घरच्या जिन्यावर घटवा. नाहीतर प्रत्येक फोटोत ओलं नाक येतं. माझ्याकडे असे पुष्कळ आहेत.

कुत्र्याचा आणखी एक उपयोग होतो, तो मला फार उशिरा कळला. त्याचं नाक. भुरी जिथे थांबून दहा सेकंद हुंगते तिथे मी वाकून बघतो. साळिंदराचे काटे, उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा, सापाची कात, रात्री रानडुकरांनी उकरलेली माती, हे सगळं तिने दाखवलंय. पायवाटेवरच्या या खुणांचे फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा निदान बॉलपेन ठेवून काढलेले, हेही वन्यजीवांचंच छायाचित्रण. मला तर हल्ली पक्ष्याच्या शंभराव्या पोर्ट्रेटपेक्षा त्यांतच जास्त गंमत वाटते. फक्त हुंगणं संपून चाटणं सुरू व्हायच्या आत ओढून घ्या.

कुठे जायचं? नवी मुंबईकडे खारघरच्या टेकडीवर चाफेवाडी, फणसवाडीकडे जाणारा चढाचा रस्ता आहे. रुंद वाट, दरी एका बाजूला, सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ, त्यामुळे नवख्या कुत्र्याला बरा. पारसिकच्या डोंगरावर बेलापूरकडून चढलं तर तासाभराची छान फेरी होते. बदलापूर, मुरबाड पट्ट्यात गावागावांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आहेत, त्या मला सगळ्यांत आवडतात. वाट नवी असेल तर आदल्या दिवशी तिथल्या वनरक्षकाला नाहीतर पाड्यातल्या कोणाला विचारा. मनाईची पाटी दिसली तर मागे फिरा. पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी असते, ती कुत्र्यालाही लागू आहे असं समजा. गोरखगडासारखे कोरीव पायऱ्यांचे उभे किल्ले, शिड्या, कातळटप्पे वगळा. चढताना कुत्रा चढतो. उतरताना अडतो, आणि तीस किलो खांद्यावर घेऊन कातळ उतरणं मी एकदा केलंय, दुसऱ्यांदा नाही करणार.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यावर मी अडून बसतो, कारण ठाण्याचा उन्हाळा कुत्र्यासाठी दिसतो त्याहून वाईट. आपण अंगभर घाम गाळतो. कुत्रा जवळजवळ सगळी उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो आणि हवा दमट असली की जिभेवरचं पाणी वाळतच नाही. म्हणजे पारा ३२ असला तरी त्याचा पंखा बंद. मार्चमध्ये बदलापूरजवळच्या टेकडीवरून उतरताना माझ्या मित्राचा लॅब्रेडॉर असाच बसला. सकाळचे साडेदहा वाजले होते, चालून फक्त दोन तास झाले होते. आधी तो सावली दिसली की थांबायला लागला, आम्ही म्हणालो आळशी आहे. मग लाळ चिकट, दोरीसारखी. हिरड्या गडद लाल. मग मागचे पाय वाकडे पडायला लागले. कुत्र्याचं अंग एरवीही ३८-३९ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. आम्ही त्याला सावलीत आडवं करून सगळ्यांच्या बाटल्या पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला रिकाम्या केल्या आणि टोप्यांनी वारा घातला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आत वाफ धरतो. पाणी साधंच हवं. आणि कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी त्याच दिवशी दवाखाना. आतलं नुकसान दुसऱ्या दिवशी वर येतं. तो वाचला, पण आता तो टेकडीवर येत नाही. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल विचारूच नका.

ब्रुनोचं वजन तीस किलो धरलं तर घरी बसूनही त्याला दिवसाला दीड लिटर पाणी लागतं. तीन तासांच्या फेरीला फक्त त्याच्यासाठी दोन लिटर घ्या, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, फेब्रुवारीतही दहानंतर कातळ तापतो. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांच्या गाद्यांनाही सोसणार नाही. म्हणजे साडेपाचला घोडबंदर रोड सोडायचा, उजाडल्यावर चढायचं, दहाला गाडीत. गाडी स्वतःची. आणि मिसळ खायला थांबलात तर ब्रुनोला बंद गाडीत ठेवून नाही, पाच मिनिटंही नाही.

पावसानंतरच्या गवताचा वेगळा ताप आहे, कुसळं. ऑक्टोबर सरता सरता गवत वाळतं आणि त्याची कुसळं आपल्या पायमोज्यांत शिरतात तशी कुत्र्याच्या बोटांमध्ये आणि कानात शिरतात. त्यांना मागे वळायचं माहीत नाही, फक्त आत. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा एका बाजूला मान झटकत असेल तर कुसळ शोधा. कानातलं स्वतः काढायला जाऊ नका. त्याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. भुरी एकदा त्यात लोळली आणि मी तिला मिठीत धरून ओढ्यापर्यंत नेली. पुढचे चार तास आम्ही दोघंही एकाच पद्धतीने खाजवत होतो.

घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही आपल्याकडे आहेत. कुत्रा नाकाने चौकशी करतो म्हणून दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर. पालापाचोळ्यातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर ती घोणस, जागच्या जागी थांबून लीश गोळा करा. दंश झालाच तर बांधू नका, कापू नका, चालवू नका, उचलून गाडीपर्यंत. निघण्याआधी ठाण्यातल्या दोन-तीन जनावरांच्या दवाखान्यांना फोन करून सर्पविषावरचं इंजेक्शन ठेवता का, रविवारी सकाळी उघडे असता का, एवढं विचारून ठेवा. रविवारी 'डॉक्टर अकराला येतील' हे उत्तर मी ऐकलेलं आहे.

गावात शिरताना तिथली कुत्री येणारच. ब्रुनोला उचलायला जाऊ नका, स्वतः मध्ये उभे राहा, जोरात 'हाड्' म्हणा आणि वाकून दगड उचलल्यासारखं करा. खरा दगड मारायची वेळ येत नाही. वाकण्याचा अर्थ गावकुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. शेळ्या, कोंबड्या दिसल्या की लीश हातभर. नुकसान झालं तर वाद न घालता भरपाई द्या, पुढच्या वेळी त्याच वाटेने जायचंय. एखादं गावकुत्रं वाट दाखवत तुमच्यासोबत डोंगरावर निघालं तर त्याला वर बिस्किटं घालू नका. ते दुसऱ्या गटामागे पलीकडच्या गावात उतरतं आणि तिथल्या टोळीच्या तावडीत सापडतं. परत गावात आल्यावर द्या. रेबीजची लस अर्थातच चालू हवी. २०२४ मध्ये चेंबूरकडे मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज निघाला होता, आणि कोल्हे खाडीच्या अलीकडे आपल्या खारफुटीतही आहेत.

घरी आल्यावर अंघोळीआधी कोरड्या अंगावर गोचीड शोधा. कानाच्या घड्या, बोटांमधली जागा, काखा, शेपटीचं मूळ. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची. रॉकेल, पेटती काडी हे आजोबांच्या काळातलं सोडा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवणावरची वासना उडणं, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर डॉक्टरांना 'डोंगरावर नेला होता' हे आधी सांगा, म्हणजे ते रक्त लगेच तपासतील.

आता तुमच्या १५०-६०० चा रविवार. ब्रुनो घरी झोपलेला. येऊरला गेटवर रीतसर आत जा, बिबट्याचा नाद सोडा, एका ओढ्याकाठी दोन तास बसून राहा. पहाटेच्या झाडीत उजेड फार कमी, आणि ही लेन्स ६०० वर एफ ६.३ च्या खाली उघडत नाही. त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता, ३२००-६४०० पर्यंत वाढवायला घाबरू नका, बसलेल्या पक्ष्याला शटर ५०० पुरतं, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. जूनमध्ये कर्नाळ्यात तिबोटी खंड्यासाठी गर्दी होते. घरट्यासमोर रांग लावणाऱ्यांत उभं राहू नका. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी ठाणे खाडीत असतात. भरतीला चिखल बुडाला की थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन बसतात, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघून जा, शटर २००० ठेवा. तिथेही कुत्रा नको. एक मोकाट कुत्रं काठावरून धावलं की सगळा थवा उठतो. फोटो झकास येतो, हे खरंय. पण खाणं सोडून उडालेला पक्षी असतो तो.

राहिला मोकळं सोडण्याचा प्रश्न. लीश दीड-दोन मीटरची, आणि हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, पाठीवर पकडायला मूठ असलेला. रिळातून सुटणारी लीश नको, ती झुडपात अडकते आणि हाताला कापते. मोकळं सोडायची फारच इच्छा असेल तर आधी एक करा. पहाटे उपवन तलावाच्या काठी, समोर बगळे बसलेले असताना, ब्रुनोला दहा मीटरच्या दोरीवर ठेवा आणि तो बगळ्यांकडे निघाला की हाक मारा. अशा दहा हाका, वेगवेगळ्या दिवशी, खिशात चिकनचा तुकडा ठेवून. दहापैकी दहा वेळा वळून आला तर मला जरूर कळवा. भुरी अकरा वर्षांत सातच्या वर गेलेली नाही.